एका माघापुरती संत

मी एकदा संत झाले होते. फार नाही, एका माघापुरती.

ही वाराणसीतली, नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत. सासरे काय, त्यांचे वडील काय, सगळे इथेच जन्मले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही. आमचे हे रेल्वेत नोकरीला. मी मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, गृहविज्ञान शिकवायचे. म्हणजे लोह कशात असतं, कॅल्शियम कशात असतं, कोणत्या वयाच्या बाईनं काय खावं, हे फळ्यावर तक्ता काढून मुलींकडून पाठ करून घ्यायचे. (एवढं जरा ध्यानात ठेवा. माझ्या फजितीला खरा रंग त्यानंच चढला.)

अठ्ठेचाळिसावं लागलं आणि माझ्या पाळीचं तंत्र बिघडलं. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की मुक्काम ठोकायची. ते एक वेळ सोसलं असतं, पण त्या पौषात नवीनच सुरू झालं. बाहेर कोहरा असा, की समोरच्या छतावर वाळत घातलेली साडीसुद्धा दिसू नये. सगळं घर रजाईत. आणि माझ्या छातीतून एकदम वाफ उठायची. मान, कान, तोंड लालबुंद, कपाळावर घाम. दोन मिनिटांत ओसरायची आणि मग अंग गार पडायचं.

"अगं, खिडकी कशाला उघडलीस?" पहाटे रजाईच्या आतून ह्यांचा आवाज.

"उकडतंय."

"पौषात?"

"हो, पौषात."

"मग तू उकड. मला कशाला गारठवतेस?"

त्यात जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेव्हा मात्र घाबरले आणि कॉलेजातून परस्पर एका बंगाली डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि चष्मा काढून ठेवला.

"खून बहुत कम है. ये जो गर्मी चढ़ती है, ये उमर का है, इससे डरिए मत. डरिए हड्डी से. अब हड्डी कमज़ोर होगी. व्रत-उपवास सब बंद. दूध, दही, तिल, साग, दाल, दोनों टाइम पेट भर. थोड़ी धूप, थोड़ा चलना. और गिरना मत. आप गिरीं तो कुछ न कुछ टूटेगा."

मी मान हलवली.

"आप पढ़ाती हैं न? क्या पढ़ाती हैं?"

"गृहविज्ञान."

 लोहाच्या गोळ्या लिहून देताना बाईंनी दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

घरी सांगायचं ठरवूनच मी परतले. पण सांगायचं कुणाला? ह्यांना सांगून उपयोग नव्हता, कारण स्वयंपाकघरात ह्यांचं काही चालत नसे. सासूबाईंना, म्हणजे आईंना सांगायला हवं होतं. आणि आईंसमोर असले शब्द काढायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. त्यांचं सोवळं कडक, उपास त्याहून कडक. लग्नाला चोवीस वर्षं होत आली होती, पण आईंनी एकदाही मला तोंडभरून 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. मी बीए झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पापड लाटायला घे." अशा बाईपुढे जाऊन 'मला गरम होतं, मी एकादशी सोडते' म्हणायला मला धीर होईना. आज सांगू, उद्या सांगू करत पौष पौर्णिमा आली.

पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत आमच्या गल्लीतल्या मराठी बायका रोज पहाटे गंगेवर माघस्नानाला जातात. नेम मोठा पुण्याचा, पण पाणी असं की पाय घातला तर तो आपला आहे की नाही ते कळू नये. म्हणून सगळ्यांची एक रीत ठरलेली. पायरीवर उभं राहून मोठ्यानं 'हर हर गंगे' म्हणायचं, नाक धरून एक बुडी मारायची आणि शालीकडे धावायचं. मीही दरवर्षी तेच करायचे.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी, गुडघाभर पाण्यात असताना माझी वाफ उठली. काय सांगू, त्या क्षणी गंगेचं ते पाणी किती गोड लागलं! मी सरळ गळ्यापर्यंत आत गेले आणि डोळे मिटून उभी राहिले. बाकीच्या बायका बुड्या मारून, अंग पुसून, दात वाजवत पायऱ्यांवर उभ्या, आणि मी आपली पाण्यात. बाहेर आले तरी शाल नको वाटत होती. ओलेत्यानंच निवांत केस पिळत बसले.

आता इथे यमूताई आल्या. यमूताई आमच्या शेजारीण, पन्नाशीच्या आसपासच्या. गल्लीत काहीही घडलं की ते आधी यमूताईंना कळायचं आणि नसेल घडलं तर त्या घडवायच्या.

"सुधा, तुला थंडी नाही वाजत?"

"नाही हो," मी खरं तेच सांगितलं.

"अगोबाई, वाफ बघा हिच्या अंगातून! ह्या कोहऱ्यात वाफ!"

वाफ निघत होती हे खरं.  दुसऱ्या कुठल्या गावात अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला थंडीत घाम फुटला तर तिला दवाखान्यात नेतील. आमच्या काशीत पाया पडतात. एक म्हातारी खरोखरच वाकली.

"आईंसारख्या नेमाच्या बाईची सून," यमूताई जाहीर करत होत्या, "घरात एवढं तप, त्याचं तेज उतरणारच. थंडी-ऊन सगळं सारखंच झालंय हो हिला."

मी सांगायला तोंड उघडलं, खरंच उघडलं. तेवढ्यात आई पुढे आल्या. त्यांनी आपला कोरडा पंचा घेऊन माझे ओले केस स्वतः गुंडाळले आणि चारचौघींत म्हणाल्या, "सुधाचं मन पहिल्यापासूनच देवाकडे. बोलून दाखवत नाही इतकंच."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी उघडलेलं तोंड मिटलं. तुम्ही काय केलं असतंत?

दुसऱ्या दिवसापासून बायका मी पाण्यात उतरायची वाट बघायला लागल्या. दोन घाट पलीकडच्याही येऊ लागल्या. कुणी नारळ ठेवी, कुणी आजारी नातवाचं नाव सांगून जाई. मी रोज मनात म्हणायचे, वाफ आली तर ठीक, न आली तर मेले. आणि वाफ मोठी इमानी, पाण्याजवळ आले की यायचीच. (ती पाण्यामुळे नव्हे, माझ्या धास्तीनं येत असावी, हे मला पुढे कळलं.)

मग यमूताईंनी आहाराचा विषय काढला.

"तपाला एकभुक्त हवं. सुधा, तू महिनाभर एकवेळ जेव. आणि आवडीचा एक पदार्थ सोड."

"मी दोडका सोडते," मी तत्परतेनं म्हटलं.

"दोडका कोण आवडीनं खातं? आवडीचं म्हणजे आवडीचं. आई, काय आवडतं हिला?"

"दही," आई कौतुकानं म्हणाल्या. "आणि दुधावरची साय."

गेलं दही, गेलं दूध! डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा पोटभर खा म्हणून सांगितलं होतं. इथे एक वेळ उरली आणि तीही पुढच्या आठवड्यात फलाहारावर आली, कारण यमूताईंच्या माहेरच्या कुणीतरी एका बाईनं माघात नुसती फळं खाल्ली होती म्हणे. मी सकाळी फळ्यावर लिहायचे: 'चालीस के बाद स्त्री को दूध और दही अवश्य लेना चाहिए.' दुपारी दोन पेरू खाऊन पाणी प्यायचे. हात थरथरून माझी अक्षरं वाकडी यायला लागली.

ह्यांना मी एके दिवशी सगळं सांगून टाकलं. हे गरम कचोरी खात होते.

"मग आईला सांग ना."

"तुम्ही सांगा."

"मी? मी काय सांगू, बायकोला काय होतंय म्हणून सांगू?" ह्यांचे कान लाल झाले. "हे बघ, ऑफिसात मला आजकाल मिश्राजी स्वतः उठून खुर्ची देतात. संताचा नवरा म्हणून. थोडेच दिवस उरलेत, निभव."

"आणि मी पडले तर?"

"मणिकर्णिकेचं स्मशान जवळच आहे," हे म्हणाले आणि मग माझा चेहरा बघून त्यांनी उरलेली कचोरी माझ्यापुढे सरकवली. मी ती उचलली, तोच दारातून यमूताईंची हाक आली. कचोरी परत ताटलीत.

शेवटी मी माझ्यापुरती युक्ती काढली. बाजारातून तिळाचे लाडू आणले आणि पर्समध्ये लपवले. तिळात कॅल्शियम, गुळात लोह. निदान माझंच शिकवणं माझ्या कामी येईल. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा बघून फळ्याकडे तोंड करून एक लाडू तोंडात टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बहनजी, आप तो फलाहार पर हैं न?"

दहावीतली पोरगी, आमच्याच गल्लीतली. आजी तिची रोज माझ्या पायांवर डोकं ठेवणारी! माझा हात हवेत.

"हो... हाँ. ये... ये प्रसाद है. लो."

तिनं दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि धावत सुटली. पाच मिनिटांत सगळा वर्ग दारात रांग लावून उभा. त्या दिवसापासून मी रोज तिळाचे लाडू न्यायचे आणि रोज दहावीच्या मुली ते खायच्या. मुलींची तब्येत त्या माघात छान सुधारली.

माझी मात्र बिघडत चालली होती आणि आता मला खरोखर भीती वाटत होती. घाटाच्या पायऱ्या उतरताना माझे पाय कापायचे. डॉक्टरीणबाईंचं 'गिरना मत' कानात वाजत राहायचं. रोज वाटायचं, आज आईंना सांगायचंच. आणि रोज घाटावरून परतताना आई माझा ओला पिळा माझ्या हातातून काढून स्वतःकडे घ्यायच्या, वाटेत भेटेल त्याला 'ही माझी सूनबाई' म्हणून सांगायच्या. ते ऐकलं की मी पुन्हा गप्प. लाज वाटते सांगायला, पण ते ऐकायची मला चटक लागली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी कान उघडे ठेवून चालायचे.

माघी पौर्णिमा उजाडली. यमूताईंनी समारोप ठरवला होता. मी स्नान करून ओलेत्यानं पाण्यालगतच्या पायरीवर बसायचं, स्तोत्र म्हणायचं, भोवती बायका भजन म्हणणार, मग गंगेला नैवेद्य आणि आरती. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात तीर्थाखेरीज काही नव्हतं.

घाट बायकांनी भरला होता. मी पाण्यात उतरले आणि वाफेची वाट पाहिली. वाफ नाही! बुडी मारली, तरी नाही. बाहेर येऊन पायरीवर बसले. आता येईल, मग येईल. महिनाभर वेळी-अवेळी छळणारी ती बया त्या दिवशी फिरकली नाही, आणि नदीवरचा वारा ओल्या साडीतून आरपार जायला लागला. माझे दात वाजायला लागले. स्तोत्राच्या ओळींचे तुकडे पडत होते.

"बघा, अंगावर काटा," यमूताई कुजबुजल्या. "साक्षात्कार होतोय."

"शा... शाल," मी म्हणाले.

"शांत म्हणतेय. शांत व्हा गं सगळ्या."

सगळ्या शांत झाल्या. आता मात्र मी ठरवलं, संतपण गेलं खड्ड्यात, उठायचं आणि घरी जायचं. मी उठले. कोहरा पांढरा होता, तो एकदम काळा झाला. पायाखाली शेवाळ होतं. उजवा हात टेकवायला गेले, मनगटात कड्कन आवाज झाला आणि मी पायरीवर आडवी.

शुद्ध पुरती गेली नव्हती. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. आणि जे ऐकू आलं त्यानं मी जास्तच घाबरले.

"समाधी लागली," यमूताई म्हणाल्या.

"शिवू नका तिला," दुसरी म्हणाली. "समाधी मोडली तर पाप लागतं."

कुणीतरी झांज वाजवली. मग सगळ्यांनी मिळून आरती धरली. माझ्या अंगावर गंगाजल शिंपडत होत्या, त्या थंडीत, ओंजळी भरभरून! मी ओठ हलवत होते, 'हात, हात' म्हणत होते, आणि बायका त्याचा अर्थ लावून आपापले हात जोडत होत्या. मला वाटलं, आता ह्या बायका मला भक्तिभावानं इथेच संपवणार. मला रडायला येत होतं, पण तेवढंही बळ नव्हतं.

तेवढ्यात आरतीच्या मधोमध आईंचा आवाज आला.

"सरका गं."

कपाळावर हात लागला. खरबरीत, ओळखीचा. मग त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, डॉक्टरीणबाईंनी ओढली होती तशीच. माझ्या सुजलेल्या मनगटाला त्यांचा हात लागला आणि मी कण्हले.

"बंद करा ती झांज," आई ओरडल्या. "कसली समाधी? पोर उपाशी आहे."

त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, अंगावरची शाल काढून मला गुंडाळली आणि शेजारच्या ताटातलं केळं सोलायला लागल्या.

"आई, अहो, तो नैवेद्य आहे," यमूताई घाबरून म्हणाल्या. "गंगामाईला दाखवायचाय अजून."

"गंगामाई थांबेल. ही नाही थांबायची."

ज्या बाईनं उभ्या जन्मात देवाआधी कुणाला लिमलेटची गोळी चाखू दिली नव्हती, तिनं भर घाटावर, माघी पौर्णिमेला, देवाचं केळं कुस्करून माझ्या तोंडात घातलं. मग पेढा. मग दुसरा पेढा. मी खात होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यमूताईंनी त्यालाही आनंदाश्रू म्हणून पाहिलं, पण बोलायची हिंमत केली नाही.

दवाखान्यात हाताला प्लास्टर चढलं. हे धावत आले होते, दारात उभे राहून टोपी चुरगाळत होते.

"मैंने कहा था, गिरना मत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कब कहा था?" आईंनी विचारलं.

झालं. मग सगळंच बाहेर आलं. घाम, वाफ, रक्त, हाडं, सगळं. डॉक्टरीणबाई आईंना समजावत होत्या, आई खाली बघून ऐकत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "माताजी, बहू को नारियल मत चढ़ाइए. दाल-रोटी खिलाइए."

रिक्षात आई एक शब्द बोलल्या नाहीत. मी हात गळ्यात अडकवून बसले होते आणि हातापेक्षा त्या गप्प बसण्यानं जास्त दुखत होतं. महिनाभराची सूनबाई संपली, आता जन्मभर ऐकायचं, एवढंच मनात येत होतं. घरी आल्यावर त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा मोठा आवाज झाला. मग वरण-भात, वर तूप, पालक, वाटीभर दही घेऊन आल्या आणि न बोलता भरवायला लागल्या. पुढचे काही दिवस हेच. खायला वेळच्या वेळी, बोलणं नाही.

एका दुपारी समाचाराला यमूताई आल्या. इकडे-तिकडे पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"सुधा, ते... गरम होणं. मलाही होतं गं. वर्ष होऊन गेलं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मला वाटलं, माझंही तप फळाला आलं. पण मला कुणी नमस्कारच केला नाही, म्हणून गप्प बसले."

डॉक्टरीणबाईंचा पत्ता पदराचं टोक तोंडाशी धरून पुटपुटत पाठ करून त्या गेल्या. त्या आठवड्यात गल्लीतल्या आणखी तिघी-चौघी 'हात कसा आहे' म्हणून आल्या आणि तोच पत्ता विचारून गेल्या.

एका संध्याकाळी आई दुधाचा पेला घेऊन आल्या आणि पेला देऊन उठल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.

"मलाही झालं होतं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तू नवीन लग्न होऊन आलीस ना, तेव्हाच. अंगाची नुसती लाही व्हायची. झोप नाही, खाणं नाही. कुणाला सांगू? आई लांब, ग्वाल्हेरला. सासू कधीच गेलेली. आणि समोर सदानकदा तू. मग जे काही उठायचं, ते तुझ्यावर निघायचं."

 लग्नानंतरची ती पहिली वर्षं डोळ्यांपुढे आली, मोरीत तोंड लपवून रडलेली. मी पेला खाली ठेवून डाव्या हातानं त्यांचा हात धरला.

"म्हणजे आई, तेव्हा तुम्ही मला जे काही बोलायचात, ते सगळं ह्याच्यापायी?"

आईंनी मन लावून विचार केला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"निम्मं," त्या म्हणाल्या.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझ्या आमटीपायी."

आणि मी, गृहविज्ञानाच्या अध्यापिकेनं, निमूटपणे पेला उचलून तोंडाला लावला.